जुन्या मोझॅकवर विनाइल फ्लोअरिंग: खर्च नक्की कसा धरायचा?

केतकी_कोथरूड

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आई-बाबांचा कोथरूडला जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सगळीकडे मोझॅकच्या टाइल्स आहेत, पॉलिश कधीच गेलंय आणि एका बेडरूममध्ये कपाटासमोर फरशी थोडी खचलीये. आईचे गुडघे दुखतात आणि डिसेंबर-जानेवारीत गार फरशीवर पाय ठेववत नाही म्हणते, घरात चपला घालायची तिला सवय नाही. फरशी उखडून व्हिट्रिफाइड बसवायची म्हणजे धूळ, राबिट, सामान हलवा, आठवडाभर दुसरीकडे राहा, याला बाबा अजिबात तयार नाहीत. म्हणून आहे त्या फरशीवरच विनाइल टाकायचा विचार आहे.

दुकानात तीन प्रकार दाखवले. साधा रोल ३० रु. स्क्वेअर फूट, २ मिमीच्या चिकटवायच्या पट्ट्या ७० रु., आणि एसपीसी (स्टोन प्लॅस्टिक कॉम्पोझिट) म्हणून ५ मिमीच्या, एकमेकींत अडकून क्लिक होणाऱ्या कडक पट्ट्या १२५ रु. आम्हाला तिसरा आवडला. हॉल १६ बाय १०, एक बेडरूम १२ बाय १०, दुसरी ११ बाय १०, पॅसेज १० बाय ३. किचन आणि बाथरूम सोडून. म्हणजे ४२० स्क्वेअर फूट. ४२० गुणिले १२५ म्हणजे ५२,५००, वरचा किरकोळ खर्च धरून साठ-पासष्ट हजारांत बसेल असं आम्ही धरून चाललोय. बरोबर आहे का हे? काही राहतंय का?

रानजाई

आधी दुकानदाराला विचार की १२५ जीएसटी धरून की सोडून. विनाइलवर १८ टक्के आहे, इथेच साडेनऊ-दहा हजारांचा फरक पडतो. आणि आईसाठी करतेस तर चकचकीत फिनिश घेऊ नकोस, लाकडाच्या रेषा हाताला लागतात तसा खरखरीत टेक्स्चरचा घे. सँपल घरी आण, ओलं कर आणि त्यावर आईलाच उभं राहून बघू दे.

जुना_वाडा

केतकीताई, मी पुण्यात इंटिरियरची कामं करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमचा गुणाकार बरोबर आहे पण तो मालाचा आहे, कामाचा नाही. विनाइलमध्ये लोकांचं बजेट कोसळतं ते इथेच, कारण दुकानात बोर्डावर लिहिलेला दर फक्त खोक्यातल्या मालाचा असतो आणि खरा खर्च खालच्या फरशीवर ठरतो, जी दुकानदाराने बघितलेलीच नसते.

आता तुमच्याच मापावर धरू. कटिंगमध्ये माल वाया जातो, सरळ आयताकृती खोल्या असतील तर ७-८ टक्के धरा, हेरिंगबोन पॅटर्न (वेणीसारख्या तिरक्या पट्ट्या) हवा असेल तर १५. म्हणजे ४२० चे झाले साधारण ४५४. माल सुटा मिळत नाही, खोका घ्यावा लागतो. खोक्यात समजा २४ फूट असेल (कंपनीनुसार बदलतं, विचारून घ्या) तर १९ खोकी, म्हणजे ४५६ फूट. त्याचे १२५ ने ५७,०००, त्यावर जीएसटी १०,२६०. नुसता माल झाला ६७,२६०. तुमचं बजेट इथेच संपलं.

पुढे फिटिंग, सध्या आम्ही १८ च्या आसपास घेतो, ७,५६०. मग स्कर्टिंग. एसपीसी फ्लोटिंग असतं, म्हणजे ते खाली चिकटवत नाहीत, भिंतीपासून चारी बाजूंनी ८-१० मिमी फट सोडतात कारण उन्हाळ्यात ते पसरतं. ती फट झाकायला स्कर्टिंग किंवा क्वार्टर बीडिंग लागतंच. दारं वजा करून तुमच्याकडे १४० रनिंग फूट तरी होईल, ४५ ने ६,३००. प्रत्येक दारात आणि जिथे विनाइल संपून किचनची फरशी सुरू होते तिथे प्रोफाइल पट्टी, पाच धरा, १,७५०. पाच मिमी पट्टी आणि खाली एक मिमीचा फोम म्हणजे फरशी सहा मिमीने वर येणार, दारं घासायला लागणार, सुताराला पाच दारांचे १,२५०. तिसरा मजला लिफ्टशिवाय, हे तर कोणीच धरत नाही. ५ मिमी एसपीसी चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास भरतं कारण त्यात बरीचशी चुनखडीची भुकटी असते, तुमचा माल सव्वाचारशे किलो होतो. टेम्पो आणि हमाली मिळून ३,००० सांगतील. कपाटं-पलंग हलवायला माणसं, २,०००.

आणि आता मुख्य, खचलेली फरशी. सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, फरशीवर आडवी-उभी-तिरकी ठेवा आणि खालून उजेड कुठे दिसतो बघा. सहा-साडेसहा फुटांत ३ मिमीपेक्षा जास्त खळगा असेल तर सेल्फ लेव्हलिंग करावं लागतं, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं पातळ सिमेंटचं मिश्रण ओतायचं. नाही केलं तर चालताना तिथे पट्टी वरखाली होते, वर्ष-सहा महिन्यांत क्लिकचं लॉक तुटतं आणि मग फटी पडतात, त्यावर इलाज नाही, अख्खी ओळ काढावी लागते. लेव्हलिंगचं मटेरियल १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे दीड ते पावणेदोन किलो जातं. समजा १५० फुटांत म्हणजे १४ चौरस मीटरमध्ये ३ मिमी करायचं तर ७०-७२ किलो, २० किलोच्या चार गोण्या. ९०० ने ३,६००, प्रायमर ६००, मजुरी २,५००.

सगळं मिळून ९५,८२०. दर थोडे इकडेतिकडे होतील, पण साठ-पासष्टमध्ये हे बसत नाही, आत्ताच कळलेलं बरं.

केतकी_कोथरूड

बापरे. पण खूप खूप धन्यवाद, दुकानात यातलं स्कर्टिंग सोडून कोणी काहीच बोललं नव्हतं. आज संध्याकाळी बाबांना पट्टी ठेवून बघायला सांगते. एक शंका, २ मिमीचं ७० रुपयांचं घेतलं तर बजेटमध्ये येईल का?

जुना_वाडा

येईल, पण जुन्या मोझॅकवर मी देत नाही. ते पातळ आणि लवचिक असतं, खालचा प्रत्येक सांधा काही महिन्यांत वर उमटतो, खिडकीतून तिरकं ऊन आलं की चौकटी-चौकटी दिसायला लागतात. ते नीट दिसायला आख्ख्या ४२० फुटांवर लेव्हलिंग करावं लागेल आणि वर गोंदाचा खर्च, म्हणजे वाचलेले पैसे खाली जातील. नवीन गुळगुळीत कोब्यावर किंवा मोठ्या व्हिट्रिफाइडवर ते छान बसतं, ते मटेरियल वाईट नाहीये.

आणि जाडीपेक्षा वेअर लेअर विचारा. वरचा पारदर्शक थर असतो, ओरखडे तोच झेलतो. घरासाठी ०.३ मिमी पुरतो, ऑफिस-दुकानाला ०.५ लागतो. स्वस्तात मिळणाऱ्या मालात जाडी ५ मिमी लिहितात आणि वेअर लेअर ०.१ किंवा ०.२ असतो, तो बघितल्यावर कळत नाही, खोक्यावर वाचावं लागतं.

बोरीबंदर

आमचा अनुभव रोलचा आहे. परळला भाड्याच्या घरात राहतो, मालकाची फरशी जागोजागी तडकलेली, तो बदलून देणार नाही आणि आपण दुसऱ्याच्या घरात लाख रुपये घालणार नाही. रोल टाकला, चार कडांना डबल साइड टेप, बास. पण रोलमध्येही हिशोब असतो तो सांगतो, कारण दुकानदार आपणहून सांगत नाही. रोलची रुंदी बहुतेक २ मीटर असते, म्हणजे साडेसहा फूट. खोली १२ बाय १०. रोल खोलीच्या लांबीने टाकला तर १२ फुटांचे दोन तुकडे लागतात, म्हणजे १२ गुणिले १३, १५६ फूट विकत घेऊन १२० फुटांवर टाकायचा. तोच आडवा टाकला तर १० फुटांचे दोन तुकडे, १३० फूट. नुसती दिशा बदलून २६ फूट वाचले, ३० रुपयाने ७८० रु. शिवाय चार मीटर रुंदीचा मिळाला तर जोडच नको, पण तो सगळीकडे ठेवत नाहीत.

तीन-चार वर्षांचं काम आहे हे, त्याहून जास्त अपेक्षा धरू नका. पलंगाचे पाय रुततात आणि दरवाजाशी डिझाइन पुसलं जातं. ऑनलाइन मिळतात ते स्टिकरसारखे सोलून चिकटवायचे चौकोन मात्र मुंबईत घेऊ नका, शेजाऱ्यांकडे पहिल्याच पावसाळ्यात कोपरे उचलले आणि खालचा गोंद धूळ धरून काळा झाला.

आंबोळी

रत्नागिरीहून लिहितेय. केतकी, तुझं तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणून ठीक, पण जे कोणी गावच्या घरासाठी किंवा तळमजल्यासाठी वाचत असतील त्यांनी आधी ओल तपासा. आमच्याकडे जमिनीतून ओल वर येते, कोब्याला लोणा लागतो, पांढरी पांढरी पूड येते. फरशी उघडी असते तोवर ती ओल हवेत निघून जाते, वर विनाइल टाकलं की जायला वाटच राहत नाही. मग आतल्या आत कुबट वास. विनाइल स्वतः पाण्याने खराब होत नाही हे खरं, पण म्हणून खालचं पाणी नाहीसं होत नाही ना.

तपासायची सोपी रीत म्हणजे दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा कागद फरशीवर ठेवायचा, चारी कडा टेपने घट्ट बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतून थेंब जमले असतील किंवा फरशी काळपट पडली असेल तर काम पुढे ढकला. आणि हे पावसाळ्यातच करा, मे महिन्यात केलं तर सगळं कोरडंच दिसणार. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत वरच्या मजल्यावर पण करा, तिथे पाइप गळत असतो आणि कोणाला पत्ता नसतो.

दुसरं, स्कर्टिंग एमडीएफचं घेऊ नका, आमच्याकडे वाळवी लागते आणि फरशी पुसताना पाणी लागून फुगतं. पीव्हीसीचं घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

रानजाई

आंबोळीला अनुमोदन. आणि पुसण्यावरून आठवलं, कामाच्या मावशींना आधीच सांगून ठेवावं लागतं. फिनेल नको, अ‍ॅसिड तर नकोच, दिवाळीला बादलीभर पाणी ओतून खराट्याने धुणं नको. फडकं घट्ट पिळून पुसायचं आणि पाण्यात साधं सौम्य लिक्विड थेंबभर. दाराशी रबराच्या पाठीचं पायपुसणं ठेवलं तर त्याखाली पिवळा डाग पडतो, तो मळ नसतो, रबरातला पदार्थ विनाइलमध्ये उतरतो, कितीही घासा जात नाही. सुती किंवा काथ्याचं ठेवा. देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्तीचं घर आणि निरांजन यांच्याखाली मोठं ताट हवं, ठिणगी पडली की भोक पडतं. हळदीकुंकू सांडलं तर लगेच पुसायचं.

हे सगळं बजेटमध्ये येत नाही पण आई-बाबांना रोज जमणार आहे का हे बघूनच पैसे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सुलभाकाकू

केतकी बाळा, एक विचारू का? मोझॅक काढायचा नाहीये तर तोच पॉलिश का नाही करत? आमच्या सदाशिव पेठेतल्या घरातला मोझॅक माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. दोन वर्षांपूर्वी मशीन लावून घासून घेतला, सांधे व्हाइट सिमेंटमध्ये रंग मिसळून भरले, खड्डे बुजवले आणि आता आरशासारखा दिसतो. तीस रुपये फूट पडलं. असा माल आता कोणी सहज करून देत नाही, चांगल्या फरशीवर प्लॅस्टिक टाकताना माझा जीव थोडा होतो. गार लागते म्हणतेस तर पलंगाजवळ सतरंजी टाकता येते.

केतकी_कोथरूड

काकू, तुमचं पटतंय, हॉलच्या बाबतीत तर जास्तच. पण आईला बेडरूममध्ये रात्री उठून चालावं लागतं आणि सतरंजीची कड पायात अडकायची भीती वाटते. तिचा तोल एकदा गेला होता, तेव्हापासून बाबांनी घरातली सगळी पायपुसणी उचलून ठेवलीत. म्हणून बेडरूम आणि पॅसेज सलग सपाट हवेत, मध्ये काही उंचवटा नको.

पट्टी ठेवून बघितली. हॉल बऱ्यापैकी सरळ आहे. दुसरी बेडरूम पण. पहिल्या बेडरूममध्ये कपाटासमोरचा भाग ४-५ मिमी खाली आहे, आणि तिथे ठोकलं की पोकळ आवाज येतो.

जुना_वाडा

पोकळ आवाज येतोय तर त्यावर लेव्हलिंग ओतू नका, फरशीच हलत असेल तर वरचा थर तडकणार. त्या टाइल्स काढून खाली माल भरून परत बसवायच्या, तेवढ्याच, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो भाग वाळू द्यायचा आणि मग उरलेल्या खळग्यात लेव्हलिंग. असं केलं तर मटेरियल दोन गोण्यांत भागेल.

आणि उंचवट्याचा मुद्दा तुम्ही काढलात ते फार बरं झालं. बेडरूम ते पॅसेज सलग एका पातळीत करता येतं, पण पॅसेजमधून हॉलमध्ये उतरताना सहा मिमीची कड राहणार. तिथे टी आकाराची पट्टी लावू नका, उतरती रॅम्प प्रोफाइल मिळते ती मागा, पन्नास-शंभर रुपये जास्त लागतील. बाथरूमच्या उंबऱ्याशी पण तसंच, तिथे फटीत सिलिकॉन भरून घ्या, नाहीतर आंघोळीनंतरचं पाणी पट्टीखाली जाईल.

मिसिसागाकर

इकडे कॅनडात बेसमेंटला हेच टाकतात सगळे, बरेच लोक स्वतःच बसवतात, सुरीने रेघ ओढून पट्टी मोडायची इतकं सोपं आहे. मजुरी महाग म्हणून आम्ही वीकेंडला करतो, तुमच्याकडे कारागीर मिळतो तर त्यालाच द्या, दारांच्या चौकटीभोवतीचं कटिंग सरावाशिवाय नीट येत नाही.

एक आरोग्याचं सांगावंसं वाटतं. विनाइल मऊ करायला फ्थॅलेट्स नावाची रसायनं वापरायचे, अमेरिकेत होम डेपोने २०१५ मध्ये त्यांच्या विनाइल फ्लोअरिंगमधून ती काढायचं जाहीर केलं. एसपीसी कडक असल्यामुळे त्यात अशा मऊ करणाऱ्या पदार्थांची गरज तशी कमी, स्वस्त मऊ रोलमध्ये जास्त. घरात वयस्कर माणसं किंवा रांगणारं बाळ असेल तर खोक्यावर फ्लोअरस्कोर सर्टिफिकेट (फ्लोअरिंगमधून घरातल्या हवेत सुटणाऱ्या वायूंची तपासणी, फ्थॅलेट्सची नव्हे) आहे का बघा, नुसतं वासावर जाऊ नका. बसवल्यावर पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

बोरीबंदर

जुना_वाडा, एक प्रश्न. दुकानदार म्हणतात बिल नको असेल तर जीएसटी सोडून देतो. १८ टक्के म्हणजे मोठी रक्कम आहे, बरेच लोक घेतात तसं.

जुना_वाडा

माझं मत विचाराल तर पक्कं बिल घ्याच. कायद्याचं तर आहेच, पण दहा-पंधरा वर्षांची वॉरंटी सांगतात ती बिलाशिवाय कागदसुद्धा नाही. बिलावर कंपनी, मॉडेल, जाडी, वेअर लेअर आणि बॅच नंबर लिहून घ्या. सगळी खोकी एकाच बॅचची हवीत, वेगळ्या बॅचमध्ये रंगाची छटा बदलते आणि ते खोलीत पसरल्यावरच दिसतं. एका कामावर क्लायंटने स्वतः माल आणला होता, दोन खोकी वेगळ्या बॅचची निघाली, खिडकीखालचा पट्टा कायमचा वेगळा दिसतो. उरलेला माल परत द्यायच्या भानगडीत पडू नका, पलंगाखाली ठेवा. पुढे एखादी पट्टी बदलायची झाली तर तेच डिझाइन बाजारात मिळेल याची खात्री नसते.

कोटेशन घेताना वेगवेगळ्या ओळी मागा. माल, जीएसटी, फिटिंग, फिटिंगवर जीएसटी लावणार का, स्कर्टिंग रनिंग फुटाने, प्रोफाइल नगाने, लेव्हलिंग गोणीमागे, वाहतूक. "सगळं मिळून १९० ने करून देतो" म्हणणाऱ्याचं काम मी वाईट म्हणणार नाही, पण त्यात लेव्हलिंग आहे की नाही हे काम सुरू झाल्यावर कळतं आणि तेव्हा घर रिकामं करून बसलेलो असतो आपण, नाही म्हणता येत नाही.

ॲडव्हान्स मालाच्या किमतीएवढा ठीक आहे. फिटिंगचे पैसे दारं उघडून-मिटून बघितल्यावर आणि सगळ्या खोल्यांत अनवाणी चालून बघितल्यावरच द्या.

केतकी_कोथरूड

घरी बसून सगळं परत मांडलं. हॉलला विनाइल नाही, सुलभाकाकूंचं ऐकून मोझॅक पॉलिश करतोय. दोन बेडरूम आणि पॅसेज एसपीसी, २६० फूट. आईने सँपलवर उभं राहून पाहिलं, पायाला बरं वाटतं म्हणाली, गार नाही लागत फारसं.

वेस्टेज धरून १२ खोकी म्हणजे २८८ फूट, ३६,०००, जीएसटी ६,४८०. फिटिंग ४,६८०. पीव्हीसी स्कर्टिंग ९० फूट, ४,०५०. प्रोफाइल चार, १,४००, रॅम्पवाली धरून. खचलेल्या भागाचं काम आणि लेव्हलिंग मिळून ३,३०० सांगितलेत. दारं तीन, ७५०. टेम्पो-हमाली २,२००, सामान हलवायला १,०००. हे झालं ५९,८६०. हॉलचं पॉलिश १६० फूट, ३० ने ४,८००. एकूण ६४,६६०. बाबांनी पाच हजार वेगळे काढून ठेवलेत, ऐन वेळी काही निघालं तर.

आता रंग पण द्यायचाय दोन्ही बेडरूमला. आधी काय करू, नंतर काय? गणपतीच्या आत व्हावं असं आईचं म्हणणं आहे.

सुलभाकाकू

छान केलंस गं. हॉल झाला की फोटो टाक.

जुना_वाडा

मांडणी बरोबर आहे. आधी हॉलचं पॉलिश, कारण मशीनचा राखाडी चिखल पॅसेजपर्यंत येतो आणि भिंतींच्या खालच्या फूटभर भागावर शिंतोडे उडतात. त्याच वेळी गवंड्याकडून बेडरूमच्या टाइल्स बसवून घ्या, म्हणजे त्यांना वाळायला वेळ मिळेल. मग रंग, शेवटचा हात बाकी ठेवून. रंग चालू असतानाच माल घरी आणून ठेवा, दोन दिवस तरी त्या खोलीच्या हवेत राहू द्या, खोकी आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी नकोत. लेव्हलिंग, ते वाळलं की विनाइल, स्कर्टिंग आणि सगळ्यात शेवटी रंगाचा राहिलेला हात, म्हणजे स्कर्टिंगच्या वरची रेघ स्वच्छ येते. रंगाऱ्याला तेव्हा विनाइलवर जुने कपडे अंथरायला सांगा आणि शिडीच्या पायांना कापड बांधायला.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस कुठलाच फिटर मोकळा नसतो, आत्ताच तारीख बांधून घ्या. आणि आंबोळींनी सांगितलेली प्लॅस्टिकची चाचणी बाथरूमच्या भिंतीकडे याच आठवड्यात करून बघा, पाऊस आहे तोवर.